घरच्या पीएसएलव्हीच्या अंगावरचे बारकावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२३ साली २३ ऑगस्टला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, २ सप्टेंबरला आदित्य-एल१ निघालं आणि १९ सप्टेंबरला गणपती बसले. एवढं सगळं महिन्याच्या आत आल्यावर आरास कसली करायची हा प्रश्नच नव्हता. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या एका गल्लीत तीन घरी रॉकेट उभं होतं. दोघांनी चांद्रयानाचं एलव्हीएम-३ केलं. मी आदित्यला घेऊन गेलेलं पीएसएलव्ही-सी५७ केलं. ते सव्वादोन मीटर धूड अजून हॉलच्या कोपऱ्यात आहे. येणारा प्रत्येक जण आधी त्याला हात लावतो आणि मग विचारतो. तेच ते प्रश्न इथे एकदा लिहून ठेवते.

१:२० हेच प्रमाण का घेतलं?

दुकानात पाइप मिळाला म्हणून. खरंच. आधी प्रमाण ठरवून मग त्या मापाची नळी शोधत बसलं की माणूस वैतागतो. आधी नळी बघा, मग भागाकार करा.

पीएसएलव्ही ४४ मीटर उंच आहे. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याचा व्यास २.८ मीटर, टोकाकडच्या, उपग्रह झाकणाऱ्या हीटशील्डचा ३.२ मीटर आणि बाजूच्या सहा बूस्टरांचा प्रत्येकी १ मीटर. या सगळ्याला २० ने भागलं की येतं १४० मिमी, १६० मिमी आणि ५० मिमी. पीव्हीसी पाइप बाहेरच्या व्यासानं विकला जातो आणि ५०, १४०, १६० ही तिन्ही मापं बाजारात तयार आहेत. हे कळलं त्या दिवशी मी दुकानात उभ्या उभ्या हसले होते. प्लंबिंगच्या दुकानात ५०, ११० आणि १६० मिळेल. १४० साठी शेतीचे पाइप विकणाऱ्याकडे जावं लागतं.

लांब्या अशा : पहिला टप्पा २० मीटर म्हणजे मॉडेलवर बरोबर १ मीटर, दुसरा १२.८ म्हणजे ६४ सेंमी, एक्सएल प्रकारचा बूस्टर १२ मीटर म्हणजे ६० सेंमी. तिसरा टप्पा २ मीटर व्यासाचा, म्हणजे १०० मिमी. तेवढा पाइप मिळत नाही. मी ९० च्या पाइपावर ५ मिमी जाडीची फोम शीट गुंडाळली, दोन्ही बाजूंनी पाच-पाच वाढून शंभर झाले.

हे उडतं का?

नाही, आणि पीव्हीसीचं उडवायचा विचारही करू नका. फुटलं तर त्याच्या धारदार चिपा उडतात. शिवाय बारूद भरलेली मोटर करणं आणि बाळगणं विस्फोटक नियम २००८ खाली येतं, त्याचे परवाने पेसोकडून, म्हणजे स्फोटकांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडून मिळतात आणि पेसोचं मुख्यालय नागपुरात आहे. हरणीचा विमानतळ शहराला चिकटून, तेही आहेच.

अमेरिकेत हा छंद १९५७ पासून संघटना काढून चालतो. तिथले लोक पुठ्ठ्याच्या किंवा फायबरग्लासच्या नळ्या वापरतात. जागतिक स्पर्धांत एस७ नावाचा वर्गच हुबेहूब मॉडेलांसाठी आहे : कारागिरीचे गुण वेगळे, उड्डाणाचे वेगळे. उडणाऱ्या मॉडेलावर बारकावे करताना आणखी एक डोकेदुखी असते. रॉकेटचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्याच्या पुढे, टोकाकडे राहिला पाहिजे, नाहीतर ते आकाशात कोलांट्या खातं. बूस्टर, टाक्या, नॉझल हा सगळा ऐवज शेपटीकडे असतो, म्हणजे जितकं सजवाल तितकं शेपूट जड. मग टोकात वजन भरा आणि शेपटीला पारदर्शक प्लास्टिकचे पंख लावा, जे लांबून दिसत नाहीत. आपल्याला त्यात पडायचं नाही. आपलं रॉकेट मखराशेजारी उभं राहणार.

पाइप तर गुळगुळीत असतो. तयारी काय करायची?

त्यावर छापलेली कंपनीची अक्षरं थिनरनं पुसा, नाहीतर पांढऱ्या रंगातून ती महिन्याभरानं डोकावतात. मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं सगळी चमक मारा. चमकत्या पीव्हीसीवर रंग धरत नाही, नखानं सालासारखा निघतो. त्यावर प्लास्टिक प्रायमर आणि मग राखाडी सरफेसर. पुठ्ठ्याची नळी घेतली असेल तर तिच्यावर जिन्यासारखी फिरत गेलेली चर असते. ती एनसी पुट्टीनं (गाड्यांच्या रंगकामात वापरतात ती) भरून २२० आणि मग ४०० नं घासायची. दोनदा. एकदा भरून भागत नाही.

मापं कुठून आणायची? नकाशे मिळतात का?

इस्रो प्रत्येक उड्डाणाआधी माहितीपत्रक काढते, त्यात टप्प्यांच्या लांब्या आणि व्यास असतात. बाकी सगळं फोटोवरून.

चांगला फोटो म्हणजे लांबून घेतलेला. लाँचपॅडच्या पायथ्याशी उभं राहून वर काढलेले फोटो भव्य दिसतात, मोजायला निकामी : वरचं सगळं आखडतं. लांबच्या फोटोत गाभ्याची, म्हणजे २.८ मीटरच्या पहिल्या टप्प्याची रुंदी पट्टीनं मोजा. समजा ती २८ मिमी आली, तर फोटोतला १ मिमी म्हणजे खरे १०० मिमी, आणि मॉडेलवर ५ मिमी. मग कुठली वायरची नाळ किती रुंद, कुठला सांधा किती उंचीवर, सगळं बसल्या जागी निघतं. मी ए-३ चा रंगीत प्रिंट काढून स्वयंपाकघराच्या दारावर लावला होता. पोळ्या लाटता लाटता जे दिसतं ते मुद्दाम बघायला बसलं की दिसत नाही.

रिव्हेट किती आणि कुठे मारायच्या?

इथे मी स्वतः तोंडावर पडले, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्या टप्प्याच्या त्या एक मीटर पाइपावर मी तीन रविवार घालवून वरपासून खालपर्यंत रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या गोल डोक्याच्या खिळ्यांच्या ओळी केल्या. दिसायला झकास दिसत होतं. आमच्या शेजारी एक काका राहतात, आयुष्यभर फॅब्रिकेशनमध्ये, मोठाली प्रेशर व्हेसल बनवण्यात गेलं. ते चष्मा कपाळावर चढवून दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, ही मोटर आहे ना? आत हजारो किलो इंधन जळणार, दाब धरणारं भांडं हे. कुकरच्या पोटाला कधी रिव्हेट पाहिलीस?"

बरोबर होतं त्यांचं. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात १३९ टन घन इंधन असतं आणि त्याचं आवरण मॅरेजिंग स्टील नावाच्या अतिशय बळकट पोलादाचं आहे. ते एकसंध भांडं नाही, पाच खंड एकावर एक जोडून केलेलं आहे. म्हणजे त्या मीटरभर पाइपावर रिव्हेट शून्य. असायला हवेत ते खंडांचे सांधे, अंगाभोवती फिरणारे पट्टे. रिव्हेट आणि स्क्रूच्या ओळी शोभतात त्या दोन टप्प्यांच्या मधल्या भागावर, जिथे ॲल्युमिनियमचा पत्रा सांगाड्यावर बसवलेला असतो, आणि बुडाशी. तीन रविवारांचं काम मी एका संध्याकाळी पॉलिश पेपरनं उतरवलं.

तेव्हापासून माझा नियम : बारकावा करण्याआधी स्वतःला विचारायचं, इथे खाली काय आहे? दाबाचं भांडं, पत्रा, की कंपोझिट? उत्तर माहीत नसेल तर जागा कोरी सोडायची. कोरी जागा कुणाला खटकत नाही. चुकीच्या जागची रिव्हेट मात्र जाणकाराला लांबून दिसते.

दुसरी गोष्ट जाडीची. झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मिमी जाड असतो. १:२० मध्ये तो खऱ्या रॉकेटवरचा २ मिमी जाड पत्रा झाला. म्हणजे कागदाची एक पट्टी चिकटवली तरी तुम्ही बऱ्यापैकी जाड पत्रा ठोकलात. ८ मिमी डोक्याची रिव्हेट मॉडेलवर ०.४ मिमीची होते, सुईच्या टोकाएवढी. बाजारात तयार मिळणारे चिकटवायचे अर्धगोल मणी मी बघितले, सगळ्यात लहान ३ मिमीचे होते. खऱ्या मापात ती ६ सेंमीची रिव्हेट! तेवढी हावडा ब्रिजवरही शोभणार नाही.

मग एवढ्या बारीक रिव्हेट करायच्या कशा?

आत्याच्या शिवणाच्या मशीनच्या खणात एक दातेरी चाक होतं, कापडावर खुणा उमटवायचं. शिंपी वापरतात ते. एसीवाले डक्टला लावतात ती चिकट ॲल्युमिनियम टेप घ्या, मागचा कागद काढू नका. टेप पालथी घालून जुन्या मासिकावर ठेवा, स्टीलची पट्टी लावून त्या चाकानं एक ओळ मारा. सरळ केल्यावर पुढच्या बाजूला एकसारखे बारीक उंचवटे येतात. आता कागद काढून टेप जागेवर बसवा आणि चिंधीनं हलकेच दाबा. अंगठ्यानं घासलंत तर रिव्हेट सपाट होतात, हे सांगूनही प्रत्येक जण एकदा करतोच. मासिक फार जाड असेल तर चाक आरपार जातं, काचेवर ठेवलं तर उमटतच नाही. दहा-बारा पानांची गादी मला बरी पडली. चाकाच्या दात्यांतलं अंतर ठरलेलं असतं, तेव्हा ओळीत रिव्हेट किती येणार हे चाक ठरवतं, आपण नाही. सगळ्या ओळी एकाच चाकानं मारा म्हणजे झालं.

मोठे बोल्ट हवे असतील, म्हणजे मॉडेलवर एक मिमीच्या वरचे, तर मेंदीचा कोन. रिकाम्या कोनात फेविकॉल भरायचा, टोक अगदी किंचित कापायचं आणि मेंदीचे ठिपके देतो तसे ठिपके देत जायचं. फेविकॉलमधलं पाणी उडालं की ठिपका बसतो, म्हणून पहिल्या खेपेला उंच वाटला तरी घाबरू नका. एका ठिपक्याला शेपूट आलं तर लगेच ओल्या बोटानं पुसा, ओळ पूर्ण करून मग पुसू म्हणाल तर आधीचे सुकलेले असतात. माझ्या पुतणीचा हात यात माझ्यापेक्षा चांगला आहे. तिला फक्त चहा लागतो.

सांधे, वेल्ड आणि पत्र्याच्या रेघा?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिन्ही एकाच काळ्या पेननं आखू नका.

उंचवटा असलेला सांधा, म्हणजे खंडांचा पट्टा, हा मास्किंग टेपनं होतो. हव्या त्या रुंदीची फट ठेवून दोन्ही बाजूंना टेप लावा, मधे सरफेसरचे तीन-चार हात मारा, टेप ओढून काढा. कागदाच्या जाडीची पायरी तयार. कडेला कुसळं राहिली तर ६०० नंबरचा पेपर एकदा फिरवा. पाइपाभोवती टेप लावताना ती भटकते, सुरुवात आणि शेवट जुळत नाहीत. त्यावर उपाय असा : जाड कागदाची सरळ कापलेली रुंद पट्टी आधी पाइपाला गुंडाळा, तिच्या कडा एकमेकींवर बसल्या की ती आपोआप काटकोनात असते. मग तिच्या काठानं टेप.

वेल्डची रेघ दोऱ्यानं. उत्तरायण झालं की आमच्या गच्चीवर सद्दीची, म्हणजे पतंगाच्या साध्या दोऱ्याची गुंडाळी उरतेच. तोच दोरा ताणून गुंडाळायचा आणि पातळ सीलरचा हात मारायचा. मांजा नको, काचेची पूड रंगाखालून खरखरीत दिसते आणि बोटं कापतात ती वेगळी.

पत्र्यांमधली चर हवी असेल तर जुन्या कटर ब्लेडची पाठ वापरा, धार नाही. धारेनं प्लास्टिक दोन्हीकडे उचललं जातं.

पाइपावर सरळ उभी रेघ कशी मारायची?

दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात पाइप आडवा टेकवून, किंवा ॲल्युमिनियमच्या अँगलमध्ये बसवून, अँगलच्या काठानं पेन्सिल ओढायची. सहा बूस्टरांच्या जागा काढायला मोजपट्टी लागत नाही. कागदाची पट्टी पाइपाभोवती एक वेढा देऊन कापा, तिची सहा सारखी घडी घाला, उलगडून परत गुंडाळा. १४० मिमीच्या पाइपाचा घेर साधारण ४४० मिमी, तेव्हा दोन खुणांत ७३ मिमीच्या जरा वर येतात. आले नाहीत तर घडी चुकली.

लोक कोणती गोष्ट विसरतात?

पहिल्या टप्प्याच्या अंगालगतच्या दोन उभ्या नळकांड्या टाक्या. माझ्या गल्लीतल्या चिमुरड्यांपासून मोठ्यांपर्यंत सगळे त्यांना "आणखी दोन छोटे बूस्टर" समजतात. त्यात स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचं पाण्यातलं द्रावण असतं. ते नॉझलच्या आत एका बाजूनं फवारलं की ज्वाळेचा झोत वळतो आणि रॉकेटची दिशा सुधारते. बूस्टरांमधून त्या किंचित डोकावतात आणि त्या दिसल्या की मॉडेल एकदम खरं वाटायला लागतं.

दुसरी म्हणजे वायरींची नाळ. अंगावरून उभी जाणारी फुगीर पट्टी. इलेक्ट्रिशियनची सगळ्यात बारीक केसिंग-कॅपिंग पट्टी मी वापरली, फक्त कडा घासून गोल केल्या. टोकं तिरकी कापा, वारा आत शिरणार नाही अशी. खऱ्यावर चौकोनी बोथट टोक कुणी ठेवत नाही.

आणि हीटशील्ड. ते दोन फाळक्यांचं असतं आणि वर गेल्यावर शिंपल्यासारखं उघडून पडतं. म्हणजे टोकापासून खालपर्यंत समोरासमोर दोन उभे सांधे असलेच पाहिजेत. ते आखले नाहीत तर उपग्रह आतच अडकला.

टोकं कशी केली?

बडोद्यात राहून हा प्रश्न पडायला नको. संखेडा जवळच आहे, तिथल्या खरादींचं लाखेचं फर्निचर आपल्या सगळ्यांच्या घरी आहे. मी कागदावर बाहेरचा आकार कापून नेला, त्यांनी सागाच्या तुकड्यावर सहा बूस्टरांची सहा टोकं अर्ध्या तासात उतरवून दिली. सहाही सारखी. मोठं टोक थर्माकोलवर पुट्टी देऊन घरी केलं, ते अजूनही एका बाजूला जरासं चेपलेलं आहे. ती बाजू भिंतीकडे.

सॅटर्न-५ करायचं असेल तर हेच चालेल?

तंत्र तेच, पण माणसांना चंद्रावर नेणाऱ्या त्या अमेरिकी रॉकेटावर खरं काम उभ्या उंचवट्यांचं आहे. त्या ११० मीटरच्या रॉकेटचे टाक्यांमधले आणि टप्प्यांमधले भाग बाहेरून अशा उभ्या उंचवट्यांनी भरलेले असतात. त्यासाठी नालीदार कागद वापरू नका, त्याच्या लाटा मऊ आणि मोठ्या असतात. प्लास्टिकच्या बारीक काड्या एकेक चिकटवायच्या. हे शेकड्यानं करावं लागतं. मी सुरू केलं होतं. चाळीसाव्या काडीला थांबले.

रंग पांढुरका का पडतो?

कारण तुम्ही तो श्रावणात मारताय. गणपतीची मुदत पावसाळ्यात येते, त्याला इलाज नाही. एनसी रंगातला थिनर झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं दव त्यावर बसून रंगात अडकतं. काळ्यावर तर साय धरल्यासारखं दिसतं. गाड्यांचे रंग विकणाऱ्याकडे सावकाश उडणारा थिनर मागा, रिटार्डर म्हणतात, तो थोडा मिसळा. दुपारी बारा ते तीन, पाऊस थांबलेला असताना, पातळ हात. एकदा पांढुरका पडलाच तर घासू नका. कोरड्या दिवशी त्यावर नुसत्या रिटार्डरचा अगदी हलका फवारा मारून बघा, बऱ्याचदा दव निघून जातं.

आणि डब्यातला शुभ्र पांढरा, कुळकुळीत काळा तसाच मारू नका. खरं रॉकेट आपण लांबून बघतो, मधल्या हवेनं रंग जरा फिका झालेला असतो. पांढऱ्यात चिमूटभर राखाडी, काळ्यात थोडा पांढरा. चमकही अर्धीच ठेवा, पूर्ण चमकलं की ते पाण्याचा पाइप आहे हे लगेच कळतं.

काजळी, डाग, जुनाटपणा करायचा का?

नाही. पीएसएलव्ही एकदाच उडतं. उड्डाणाआधी त्याला काजळी लागायचं कारण नाही आणि नंतर दाखवायला ते उरत नाही. सांध्यांत पातळ राखाडी पाणी सोडून पुसून घेतलं, तेवढं बास.

अक्षरं आणि तिरंगा?

गाडीची नंबर प्लेट करणारा रेडियमवाला. संगणकावरून मापाची अक्षरं कापून देतो. चमकणारं रेडियम नको, साधं मॅट व्हिनाइल सांगा, नाहीतर रात्री दिवा लागला की रॉकेट ट्रकसारखं लखलखतं. लावल्यावर वरून क्लिअरचे दोन हात, म्हणजे कड दिसत नाही. तिरंग्याचं लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२, चक्राच्या आऱ्या २४. रेडियमवाल्यानं पहिल्यांदा मला १६ आऱ्यांचं चक्र दिलं होतं. मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

मुलाला शाळेसाठी काही सोपं?

रोहिणी आरएच-७५. थुंब्याहून २० नोव्हेंबर १९६७ ला उडालेलं आपलं पहिलं देशी साउंडिंग रॉकेट. त्याचा व्यास ७५ मिमी होता आणि ७५ मिमीचा पाइप कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळतो. म्हणजे प्रमाण १:१. इथे मात्र कागदाची पट्टी खऱ्या जाडीचीच दिसणार, तेव्हा रिव्हेटऐवजी खरे छोटे स्क्रू लावा आणि पाइपावरची छापील अक्षरं आधी पुसा.